पहिली खुर्ची कुठली: टीव्ही मालिकेची की सिनेमाची?

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतली एक मुलगी गेल्या महिन्यात दोन ऑफर लेटरं घेऊन माझ्याकडे आली. बरोबर तिचे बाबा होते. एक पत्र गोरेगावच्या स्टुडिओचं: लहान मुलांच्या टीव्ही मालिकेसाठी ज्युनिअर ॲनिमेटर. दुसरं मालाडच्या एका कंपनीचं, जिथे परदेशी सिनेमांचं व्हीएफएक्स होतं: रोटो आर्टिस्ट, ट्रेनी. पगार मालाडचा थोडा जास्त. बाबांनी चहाचा कप हातात घेता घेता विचारलं, "ताई, पोरीचं नाव पडद्यावर कुठे दिसेल?" मुलगी गप्प होती. तिचा प्रश्न वेगळा होता आणि तो तिने बाबा फोनवर बोलायला गॅलरीत गेल्यावर विचारला. "मावशी, ॲनिमेशन कुठे करायला मिळेल?"

मी या कामात अठरा वर्षं आहे. पहिली सात वर्षं मालिका केल्या, नंतर सिनेमाकडे वळले, आता ज्युनिअर मुलांचे शॉट तपासते. त्या संध्याकाळी दोघांना जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडते, कारण दर जून-जुलैला हाच पेच घेऊन कोणी ना कोणी येतं.

माझं मत आधीच सांगते. टीव्ही की सिनेमा हे पोस्टर बघून ठरवू नका. पहिली तीन वर्षं ज्या खुर्चीत बसणार, तिथे रोज तुमच्या हाताखालून काय जाणार आहे ते बघा. हात त्या तीन वर्षांत बसतो. ज्या कामावर बसतो त्याच कामाचा होतो.

'सिनेमा' म्हणजे मुंबईत नेमकं काय

मुंबईत कोणी "मी सिनेमात ॲनिमेशन करतो" म्हटलं की त्याचे तीन अर्थ निघू शकतात, आणि तिन्हींची खुर्ची वेगळी.

सगळ्यात मोठा वाटा व्हीएफएक्सचा, म्हणजे खऱ्या नटांना घेऊन चित्रित केलेल्या सिनेमात नंतर घातलेल्या दृश्यांचा. प्राइम फोकस ही कंपनी १९९७ मध्ये मुंबईत सुरू झाली, २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी जोडली गेली आणि तिचं व्हीएफएक्सचं काम आज डीएनईजी या नावाने चालतं. 'ड्यून'च्या दोन्ही भागांना, २०२२ आणि २०२५ मध्ये, व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं त्यात या कंपनीचं काम होतं. अशी नावं ऐकली की वीस-बावीस वर्षांच्या पोरांचे डोळे चमकतात. चमकायलाच हवेत. पण त्या कामाची उतरंड समजून घ्या. नटाच्या मागे वाळवंट बसवायचं असेल तर आधी नटाची बाह्यरेषा प्रत्येक फ्रेममध्ये कापून घ्यावी लागते. केस, बोटं, वाऱ्यावर उडणारा कपडा, सगळं. हे रोटो. नटाला उचलून धरणारी तार पुसायची, भिंतीवरचे मार्कर पुसायचे, ते पेंट. खरा कॅमेरा कसा हलला ते मोजून तसाच कॅमेरा संगणकात उभा करायचा, ते मॅचमूव्ह. मग कॉम्पोझिटिंग, म्हणजे सगळे थर एकत्र करून ते एकाच उजेडातले वाटतील असं बघणं. या साखळीत ॲनिमेशन विभागही असतो. वाघ, ड्रॅगन, यंत्रमानव तोच हलवतो. पण तो विभाग छोटा असतो आणि तिथे फ्रेशर क्वचितच घेतात. फ्रेशरची भरती रोटो, पेंट आणि मॅचमूव्हमध्ये होते.

रोटो हलकं काम आहे असं मी कधीच म्हणणार नाही. ओल्या केसांचा रोटो करून बघा, मग कळतं. पण त्यात पात्राला जीव द्यायचा नसतो. अभिनय नटाने करून टाकलेला असतो, तुम्ही त्याच्या कडा सांभाळता. रोटोतून पेंट, पेंटमधून कॉम्प (म्हणजे कॉम्पोझिटिंग) ही शिडी खरी आहे आणि मजबूत आहे. ज्यांना उजेड, रंग, लेन्स यांची ओढ आहे त्यांनी बेलाशक तिच्यावर पाय ठेवावा. रोटोतून ॲनिमेशनमध्ये जायला मात्र शिडी नाही. रात्री घरी बसून स्वतःचं रील, म्हणजे आपल्या निवडक शॉटांचा छोटा व्हिडिओ, करावं लागतं आणि त्याच्या जोरावर नव्याने अर्ज करावा लागतो. "आधी रोटोला लागा, मग बघू" असं माझ्या बरोबरीच्या चौघांना एका कंपनीत सांगितलं होतं. चौघांपैकी एकजण ॲनिमेशनला पोचला, तोही नोकरी बदलून. बाकीचे तिघे गुणी होते. दहा तास कडा कापून घरी गेल्यावर पुन्हा संगणकासमोर बसायला माणसाच्या अंगात काही उरलं पाहिजे ना.

दुसरा अर्थ पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. तो आपल्याकडे अधूनमधून येतो. २००५ चा 'हनुमान' आपल्या व्ही. जी. सामंतांनी दिग्दर्शित केला. २००८ मध्ये यशराज आणि डिस्ने यांचा 'रोडसाइड रोमिओ' आला. २०२५ मध्ये 'महावतार नरसिंह' चालला तेव्हा थिएटरात मोठी माणसं गर्दी करून ॲनिमेशन बघत होती आणि मला मनापासून बरं वाटलं. पण या तीन नावांमधली वर्षं मोजा. एवढ्यावर नोकरीचा हिशेब मांडता येत नाही. मुंबईतले काही स्टुडिओ परदेशी सिनेमांचं आणि ओटीटी मालिकांचं थ्रीडी ॲनिमेशन करतात, सिनेमाच्या तोडीचं खरं ॲनिमेशन करायची जागा बहुतेकदा तिथेच. तिथे शिरायला रील लागतं, आणि ते रील कुठे तयार होतं त्याकडे मी येतेच.

तिसरा अर्थ कलावंताचा स्वतःचा सिनेमा. गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोज' २०१९ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात क्रिटिक्स वीक या विभागाची सुरुवात करणारा सिनेमा होता. फ्रेमन् फ्रेम हाताने रंगवलेली. सुमारे ६० कलाकार, दीड वर्ष. मुंबईत असं काम होतं याचा मला अभिमान आहे. पण त्यासाठी कोणी कॅम्पसवर भरतीला येत नाही. ती संधी आली तर बाकीचं बाजूला ठेवून घ्यावी, तिची वाट बघत बसू नये.

टीव्हीवरचा एक आठवडा

मुलांच्या मालिकेची एक गोष्ट साधारण ११ मिनिटांची, अर्ध्या तासात दोन बसतात. ११ मिनिटं म्हणजे ६६० सेकंद, आणि आपल्या टीव्हीचे सेकंदाला २५ फ्रेम धरले तर १६,५०० फ्रेम. हे दर आठवड्याला चॅनेलकडे जायचं असतं. त्यामुळे सगळी व्यवस्था वेगासाठी बांधलेली असते. पात्राचा रिग तयार असतो, म्हणजे त्याचा सांगाडा आणि सांधे कोणीतरी आधीच बसवून दिलेले. चालणं, धावणं, उडी यांची लायब्ररी असते. सकाळी लीडकडून, म्हणजे टीमच्या प्रमुखाकडून, शॉटची यादी येते, सोबत ॲनिमॅटिक (चित्रं वेळेनुसार लावून केलेला कच्चा व्हिडिओ) आणि आवाजाचा ट्रॅक. संध्याकाळपर्यंत ठरलेले सेकंद द्यायचे. मी होते तिथे आधी पाच, मग आठ, मग दहा सेकंद रोज असं टार्गेट चढत गेलं. रोज दहा सेकंद धरले तरी एका गोष्टीला एकट्या ॲनिमेटरचे ६६ दिवस लागतात. म्हणून टीम लागते, आणि म्हणूनच फ्रेशरला पहिल्याच महिन्यात खरा शॉट मिळतो. सिनेमात ही चैन नाही.

पहिल्या वर्षी माझ्याकडे एक शॉट आला होता. मुलगा ताटातला लाडू उचलतो, मागे बघतो आणि पळतो. सहा सेकंद. मला दोन दिवस लागले आणि तरी तो पळत नव्हता, घसरत होता. लीडने काही न बोलता माझ्या दोन की पोझ (हालचालीतल्या मुख्य अवस्था) चार-चार फ्रेमने मागे सरकवल्या. पळण्याआधी तो क्षणभर दबला, आणि एकदम पोरगं जिवंत झालं. पुस्तकात हेच 'ॲन्टिसिपेशन' म्हणून वाचलं होतं. हाताला ते त्या दिवशी कळलं. पुढच्या वर्षभरात असे तीन-चारशे शॉट माझ्या हाताखालून गेले. वेळेचं भान, कुठे थांबायचं आणि कुठे सोडायचं, ते त्या शॉटांनी दिलं. कुठल्याही वर्गात एवढा सराव होत नाही.

आता दुसरी बाजू. हात जसा बसतो तसा चाकोरीतही बसतो. चौथ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की माझं प्रत्येक पात्र एकाच पद्धतीने दचकतं: भुवया वर, खांदे वर, बारा फ्रेम, संपलं. टार्गेट गाठायला ते सोपं होतं. त्या वर्षी मी रविवारी पहाटे दादरच्या फुलबाजारात स्केचबुक घेऊन बसायला लागले. डोक्यावर पाटी चढवताना माणूस आधी गुडघ्यात कसा वाकतो, मान कशी ताठ होते, पाटी बसल्यावर पहिलं पाऊल किती छोटं पडतं, हे तिथे दिसतं. मालिकेत हे वापरायला वेळ नव्हता. पण माझं सिनेमाचं रील त्या स्केचबुकातून निघालं. टीव्हीची वाट घेणाऱ्याने हे दुसऱ्या वर्षापासूनच करावं, मी उशीर केला.

टीव्हीत आणखी एक गोष्ट मिळते, तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. ११ मिनिटांची पूर्ण गोष्ट डोळ्यांसमोरून जाते. विनोद कुठे पडला, कट कुठे हवा होता, सगळं महिन्याभरात चॅनेलवर दिसतं. ज्यांना पुढे स्टोरीबोर्ड किंवा दिग्दर्शनात जायचंय त्यांच्यासाठी ही सोन्याची खाण आहे. आणि मराठी-हिंदी बोलणाऱ्या पात्रांच्या ओठांची हालचाल, 'अरे' म्हणताना हात कसा उठतो, हा अभिनय आपल्या मातीतला. तो करायची सवय लागते.

सिनेमातला एक आठवडा

सिनेमाच्या दर्जाच्या ॲनिमेशनमध्ये एका ॲनिमेटरकडून आठवड्याला तीन-चार सेकंद निघाले तरी चांगलं समजतात. ९० मिनिटांचा सिनेमा म्हणजे ५,४०० सेकंद, २४ फ्रेमने १,२९,६०० फ्रेम. आठवड्याला चार सेकंद धरले तर १,३५० माणूस-आठवडे. पन्नास ॲनिमेटर असले तरी सहा महिन्यांहून जास्त, आणि यात रिटेक धरलेले नाहीत.

माझा सिनेमातला पहिला मोठा शॉट एका म्हाताऱ्या घोड्याचा होता. बसलेला घोडा उठतो. ९६ फ्रेम, चार सेकंद. त्याला तीन आठवडे लागले. घोडा उठताना पुढचे पाय आधी टाकतो, गाय मागचे आधी उचलते, इथपासून सुरुवात. मग रोज सकाळी डेलीज. सगळे बसून तुमचा शॉट मोठ्या पडद्यावर बघतात आणि सुपरवायझर एकेक फ्रेम थांबवून बोलतो. "वजन डाव्या पायावर गेलंच नाही." "श्वास कुठे आहे?" टीव्हीच्या सात वर्षांत माझ्या घोड्याचा श्वास कोणी विचारला नसता. त्या तीन आठवड्यांनी माझा डोळा तयार केला. आजही रस्त्यातून जाताना कुत्रं उठलं की मी त्याचं वजन कुठून कुठे गेलं ते बघते.

ही श्रीमंती हाताला येते, पण हळूहळू. वर्षाला मोजके शॉट मिळतात. ते सिनेमा प्रदर्शित होईपर्यंत आणि कंपनीने परवानगी देईपर्यंत रीलमध्ये घालता येत नाहीत. नोकरीत केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइटच्या कायद्याने कंपनीचीच असते. टीव्हीतही तसंच, पण तिथे गोष्ट लवकर प्रसारित होते आणि निदान दाखवायचा प्रश्न लवकर सुटतो. फ्रेशर थेट इथे आला तर आणखी एक अडचण असते. डेलीजमधल्या शेऱ्याचं कृतीत रूपांतर करायला हातात वेग लागतो. वेग नसेल तर ऐकलेलं बरोबर कळतं आणि हात चुकत राहतो. हे मी दरवर्षी बघते आणि मला त्या मुलांचं वाईट वाटतं.

ही हद्द ओलांडता येते

दोन वाटा एकमेकींपासून तोडलेल्या आहेत असं समजू नका. मुंबईत तर मुळातच नव्हत्या. पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेत कार्टून फिल्म युनिट होतं. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये तिथे शिकवायला आले, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे पितामह मानले गेले. या एका माणसाचं काम बघा: सरकारी माहितीपट, जाहिराती, 'भुवन शोम' (१९६९) आणि 'शतरंज के खिलाडी' (१९७७) मधले ॲनिमेशनचे तुकडे, जपानी कलावंतांबरोबर 'रामायण', आणि युनिसेफसाठी 'मीना' ही कार्टून मालिका. २०१४ मध्ये पद्मश्री. गीतांजली राव जे.जे.च्या उपयोजित कलेच्या विद्यार्थिनी, ॲनिमेशन त्या राम मोहन यांच्या स्टुडिओत कामावर शिकल्या आणि पुढे स्वतःच्या सिनेमाकडे गेल्या. दोघांच्याही सुरुवातीला रोज हात चालवायची जागा होती. मला यातून हेच दिसतं.

उलट दिशेने, व्हीएफएक्समधून मालिकेकडे येणारे कमी. पगार घटतो आणि वेग जमत नाही.

काम टिकतं किती

टीव्हीत पात्र टिकलं की माणसं टिकतात. 'मोटू पतलू' ऑक्टोबर २०१२ पासून चालू आहे आणि ते मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओचं. हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा 'छोटा भीम' २००८ पासूनचा. असं पात्र असलेल्या स्टुडिओत पगार वेळेवर येण्याची शक्यता जास्त. ज्या स्टुडिओचं स्वतःचं पात्र नाही, फक्त चॅनेलच्या ऑर्डरवर चालतं, तिथे सीझन संपला की धाकधूक सुरू होते. मुलं आता चॅनेलपेक्षा मोबाइलवर जास्त असतात, त्यामुळे नव्या मालिकांच्या ऑर्डरी पूर्वीसारख्या सहज मिळत नाहीत. मुलाखतीत सरळ विचारा: पात्र कोणाचं, आणि सध्याच्या सीझननंतर काय?

व्हीएफएक्सचं नशीब बाहेरच्या देशांवर. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ ज्यांनी केला त्या ऱ्हिदम अँड ह्यूजच्या मुंबई आणि हैदराबादेतही शाखा होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात त्या वाघाला ऑस्कर मिळालं. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर गेले, चित्रीकरणं थांबली आणि काही महिन्यांनी त्याची झळ आपल्याकडच्या व्हीएफएक्स कंपन्यांत पोचली. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा व्हीएफएक्स कंपन्यांचा समूह कोसळला तेव्हा भारतातल्या कलाकारांच्याही नोकऱ्या गेल्या. यात मुंबईतल्या रोटो करणाऱ्या मुलाची चूक काही नसते. पण घरभाडं त्यालाच भरायचं असतं. सिनेमाची वाट घेतली तर पहिल्या वर्षापासून निदान चार महिन्यांचा खर्च बाजूला पडेल असं बघा.

यंत्राबद्दल, म्हणजे एआयबद्दल, सगळेच विचारतात. कॉम्पोझिटिंगच्या न्यूक या सॉफ्टवेअरमध्ये २०२१ पासून कॉपीकॅट नावाचं साधन आहे. थोड्या फ्रेम हाताने करून द्या, बाकीच्या ते शिकून करतं. म्हणजे पहिला फटका रोटो आणि पेंटच्या ट्रेनी खुर्च्यांना. टीव्हीतही मधल्या फ्रेम भरण्याचं काम यंत्राकडे जाईल. की पोझ आणि अभिनय कोणता हे ठरवणारा माणूस जास्त काळ लागेल असं मला वाटतं, आणि म्हणूनही मी पोझ करायला मिळते ती खुर्ची आधी सुचवते.

पगार, बाँड, प्रवास

सुरुवातीचा पगार दोन्हीकडे एकट्याने अंधेरी-गोरेगावात खोली घेऊन राहण्याइतका नसतो. आई-बाबांकडे राहणं किंवा तिघांत खोली करणं, हेच दोन मार्ग. पुढे सातव्या-आठव्या वर्षी सिनेमाकडचे आकडे वर जातात, हे खरं. पत्रावरचा वर्षाचा आकडा बघून हुरळून जाऊ नका, हातात किती येणार आणि पीएफ कापतात का ते विचारा. 'कन्सल्टंट' म्हणून घेत असतील तर पीएफ नाही, सुट्ट्यांचे पैसे नाहीत आणि सहसा १० टक्के टीडीएस कापून रक्कम येते. ती रिटर्न भरूनच परत मिळवायची. आणि बाँड. प्रशिक्षणाच्या नावाखाली दोन वर्षांचा बाँड आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं, हे मी स्वतः एकेकाळी सोसलंय. मूळ कागद कोणालाही देऊ नका. हे मी हात जोडून सांगते.

प्रवास हा फुटकळ मुद्दा नाही. हे स्टुडिओ बहुतेक पश्चिम रेल्वेच्या बाजूला: अंधेरी, गोरेगाव, मालाड. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, पुन्हा लोकल. एका बाजूला दोन तास कुठेच गेले नाहीत. टीव्हीत घाई रोजची असते पण तिचं वेळापत्रक असतं, साडेसात-आठला बहुतेक वेळा निघता येतं. सिनेमात महिनोन् महिने शांतता असते आणि डिलिव्हरी आली की रात्री आणि रविवार दोन्ही जातात. मुलींनी हे लक्षात ठेवावं: महाराष्ट्रातल्या दुकानं व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर काम करायला तुमची संमती लागते आणि सुरक्षित वाहतूक देणं मालकाचं काम आहे. ड्रॉप मागताना ओशाळायचं कारण नाही.

मनगटाचंही सांगते. टीव्हीतल्या वेगाने माझं उजवं मनगट तिसऱ्या वर्षी गेलं होतं. पेन टॅब्लेट टेबलाच्या उंचीला धरून नीट ठेवा, दर तासाला उठा.

कुठे शिकलात त्याने काय फरक पडतो

ऑफर हातात असेल तर फारसा नाही. अजून बारावीत असाल तर पडतो. ज्यांचं चित्र चांगलं आहे त्यांनी जे.जे. उपयोजित कलेची प्रवेश परीक्षा द्यावी. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या विभागाला पदवीसाठी यूसीड आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी सीड परीक्षा आहे. २०२५ मध्ये सुरू झालेली भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था पेडर रोडच्याच फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या आवारात आहे. खाजगी क्लासच्या लाखभर रुपयांच्या कोर्सआधी ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट उतरवून घ्या आणि सहा महिने एक चेंडू उडवा. त्याच फुकटच्या ब्लेंडरमध्ये केलेल्या लॅटव्हियाच्या 'फ्लो'ला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. सहा महिन्यांनी चेंडूचा कंटाळा आला नसेल तर फी भरा.

रील एका मिनिटाचं पुरे. सगळ्यात चांगला शॉट पहिला. मी रील तपासते तेव्हा पहिल्या दहा सेकंदांत पुढे बघायचं की नाही ते ठरतं.

मग कोणी काय घ्यावं

पात्र हलवायची ओढ असेल तर टीव्ही, अडीच-तीन वर्षं. त्यातल्या दुसऱ्या वर्षापासून घरी किंवा रविवारी सिनेमाच्या तब्येतीचा एक-एक शॉट करत राहायचा, आणि मग परदेशी काम करणाऱ्या थ्रीडी स्टुडिओत अर्ज. चौथं वर्ष त्याच मालिकेत घालवू नका, मी घालवलं. उजेड, रंग, खऱ्या कॅमेऱ्याची गंमत यात जीव रमत असेल तर व्हीएफएक्स, पण रोटोऐवजी मॅचमूव्ह किंवा कॉम्पची ट्रेनी जागा मागून बघा, आणि रोटोच मिळाली तर किती महिन्यांनी पेंट-कॉम्पच्या चाचणीला बसू देणार ते लेखी घ्या. ऑफरमध्ये 'ॲनिमेशन' विभाग स्पष्ट लिहिलेला सिनेमा-दर्जाचा स्टुडिओ फ्रेशर म्हणून घेत असेल तर मात्र विचार करत बसू नका. पगार कमी असला तरी जा.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मी खरं तेच दिलं. मालिकेत नाव येतं, पण भरभर सरकतं, आणि पुष्कळदा त्याच वेळी चॅनेल पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात दाखवतं. परदेशी सिनेमात व्हीएफएक्स कंपनीला नावांची ठराविक जागा मिळते आणि काम केलेल्या प्रत्येकाचं नाव तीत मावत नाही. रोटोच्या ट्रेनीचं तर क्वचितच. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग हिला आवडेल ते करू दे."

मालाडला नकार कळवायचा मसुदा आम्ही दोघींनी मिळून केला. चारच ओळी. आभार मानले, ॲनिमेशन विभागात जायचं आहे म्हणून आत्ता ही जागा घेत नाही असं स्पष्ट लिहिलं, आणि दोन वर्षांनी रील पाठवलं तर चालेल का असं विचारलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: जरूर पाठवा. ती एक तारखेला गोरेगावला रुजू झाली. काल रात्री तिने मला तिचा पहिला शॉट फोनवर दाखवला. बकरी कुंपणावरून उडी मारते, चार सेकंद. उतरताना तिचे पुढचे पाय दबत नव्हते. तेवढं मी सांगितलं आणि ती तिथेच जिन्यात बसून वहीत काढायला लागली.